डाळिंब, पुडी आणि संध्याकाळचे सहा

भांडुपच्या डोंगरावरच्या वस्तीतून एका ताईंचं चार पानांचं पत्र आलं आहे. वय ३१. मुलुंडला चार घरची कामं धरली आहेत. सकाळी सातला घर सोडतात, परत यायला साडेसात होतात. नवरा एका सोसायटीत वॉचमन, बारा तासांची ड्यूटी. घरी सासूबाई, ११ वर्षांची मुलगी (महापालिकेच्या शाळेत सहावीला) आणि ५ वर्षांचा मुलगा (अंगणवाडीत).

मुलगी सारखी दमते, अभ्यासाला बसली की पेंगते. दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.२ निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: दूध, फळं, डाळिंब, बीट, पालक, सुका मेवा. ताई लिहितात: ‘येताना दोन डाळिंबं घेतली, १२० रुपये झाले. घरी सोलताना रडू आलं. हे रोज कसं परवडणार? म्हणून दुधात घालायच्या पावडरचा साडेतीनशेचा डबा आणला, तो महिनाभर पुरवते. मुलाला रोज एक अंडं देते, मुलीला रविवारी. रेशनचं महिन्याला २० किलो धान्य येतं म्हणून पोट भरतं, पण पोरं जेवतच नाहीत. सासूबाई दोघांना रोज दहा-दहा रुपये देतात, त्याच्या पुड्या खातात. बोललं तर म्हणतात, पोरं रडतात, मी काय करू. त्या कुळथाची पिठी करायला बघतात, पण ते गरिबाचं खाणं पोरांना कशाला, म्हणून मीच नको म्हणते. गरिबाने पोरांना पौष्टिक खायला घालायचं तरी कसं? माझंच चुकतंय का?’

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा मी डाळिंबापाशीच अडकले. १२० रुपये म्हणजे तुमच्या एका दिवसाच्या कमाईतला केवढा तरी तुकडा, आणि तो तुम्ही क्षणात काढून दिलात. अशी बाई ‘माझं चुकतंय का’ विचारते तेव्हा आधी त्या चिठ्ठीकडे बघावंसं वाटतं.

डाळिंब चांगलं फळ आहे. पण ते लाल आहे म्हणून त्याने रक्त वाढतं, ही आपली जुनी समजूत. बीटाचंही तसंच. रक्ताला लागतं लोह, आणि डाळिंबात ते अगदीच थोडं असतं. १०० ग्रॅम कुळथात मात्र ७-८ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. एका वेळी कुणी १०० ग्रॅम कुळीथ खात नाही हे खरं, पण ३०-४० ग्रॅम पीठ वाटीभर पिठीत सहज जातं. म्हणजे सासूबाई चुलीशी जे घेऊन उभ्या होत्या आणि ज्याला तुम्ही ‘गरिबाचं खाणं’ म्हणून नको म्हणालात, ते डाळिंबापेक्षा कितीतरी कामाचं होतं. हसू नका, मीही माझ्या आईला हेच करत आले. नाचणीची भाकरी म्हटली की नाक मुरडायचे. त्या १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि तेवढ्याच दुधात १२०, हे मला चाळिशीत कळलं. गावाकडचं काळं-सावळं अन्न सोडून पांढऱ्यावर आलो की आपण सुधारलो, असं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात कुणीतरी भरवून ठेवलंय.

तेव्हा ‘पौष्टिक म्हणजे महाग’ हे पत्रातलं पहिलं गृहीतक मला मान्य नाही. पण लगेच ‘कुळीथ स्वस्त आहे, तो खा’ असं सांगून मी हात झटकणार नाही. तसं मी एकदा केलेलं आहे.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. आम्ही चौघीजणींनी विक्रोळीच्या एका वस्तीत पोषणाचा मेळावा घेतला होता. मोड आलेल्या मुगाची कोशिंबीर, काकडीच्या चकत्या, वर बीटाची फुलं कातरलेली. बायका कौतुकाने बघत होत्या. मागून एक आजी म्हणाली, “बाई, हे सगळं धुवायचं कुठल्या पाण्याने? आमचा नळ पहाटे साडेचारला येतो नि सहाला जातो.” आमच्यापैकी एकीलाही उत्तर सुचलं नाही. मेळावा संपल्यावर बायका नाक्यावर वडापाव खायला गेल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यामागे आम्हीही गेलो. तेव्हापासून ताटात काय असावं हे सांगण्याआधी मी घरातलं घड्याळ विचारते.

तुमच्या घड्याळात मला एक जागा दिसते. मुलगी शाळेतून आलेली असते, मुलगा कधीचाच घरी असतो, तुम्ही साडेसातला येणार, जेवण व्हायला नऊ. साधारण पाच-सहाला दोघांना कडकडून भूक लागते. त्या वेळी घरात तयार असं काय असतं? सकाळचा भात असेल तर तो गार. आजीचे गुडघे धरलेले. आणि खाली दुकानात लहान मुलांच्या डोळ्यांसमोर बरोबर येतील अशा पुड्यांच्या लडी टांगलेल्या. दहा रुपयांत दोन पुड्या, तिखट-खारट, करकरीत. त्यांनी पोट भरत नाही, पण भूक मरते. मग नऊ वाजता पोरं जेवत नाहीत आणि तुम्हाला वाटतं त्यांना घरचं आवडत नाही. ती जेवतील कशी, त्यांची भूक सहालाच विकली गेलेली असते.

सासूबाईंनाही मी दोष देणार नाही. रडणारी दोन पोरं, हातात दहाची नोट आणि तीन तास काढायचे. त्यांच्या जागी मीही नोटच दिली असती.

म्हणून रात्रीच्या ताटाची चिंता थोडे दिवस बाजूला ठेवा आणि संध्याकाळचे सहा धरा. एक डबा घ्या, पोरांचा हात पोचेल अशा फळीवर ठेवा. त्यात फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, गुळाचे खडे, कुरमुरे. रविवारी सासूबाईंना शेंगदाणे भाजायला बसवा. थोडं तेल, हळद, तिखट, कढीपत्ता टाकून केलेल्या भडंगाला पुडीसारखीच चव येते, आणि आवाजही येतो. आवाज महत्त्वाचा आहे हं, पोरांना करकरीत हवं असतं. (शेजारचं तीन-चार वर्षांचं पोर डब्यात हात घालत असेल तर त्याला अख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो. कूट करून गुळात घालून द्या.) आणि तुमची पिठी. पाच मिनिटांचं काम, भात सकाळचा चालतो, पाणी वाटीभर लागतं. सकाळी आलं-लसूण ठेचून ठेवलंत तर सासूबाईंना गॅसपाशी फार वेळ उभंही राहावं लागणार नाही. त्यांना आठ दिवस फक्त एवढं सांगून बघा: “सहाच्या खाण्याचं तुम्ही बघा.” इतकी वर्षं त्यांना त्या घरात नुसतं पोरं सांभाळायला ठेवलंय, रांधणारी म्हणून कुणी विचारलेलं नाही, असं मला तुमच्या पत्रावरून वाटलं. चुकत असेन तर सोडून द्या.

पुडी एकदम बंद करू नका. बंदी घातली की पोरं चोरून खातात, आणि गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या हातात पुडी असताना आपल्याच दोघांच्या नको, हेही बरं नाही. शनिवारची पुडी ठरवा. शनिवारी हक्काने मिळते म्हटल्यावर बाकीचे दिवस भांडण कमी होतं. पहिला आठवडा रडारड होईलच, ती गृहीत धरा.

आता हिशोब. रोजचे वीस म्हणजे महिन्याचे ६००, पावडरचे ३५०. झाले ९५०. पावडरच्या डब्याच्या मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. ज्याचं वजन जास्त त्याचं नाव आधी लिहायचं असा नियम आहे. साखर कितव्या नंबरावर आहे ते मुलीला वाचायला सांगा, मी वेगळं काही बोलत नाही. याच ९५० मध्ये दोन्ही मुलांना रोज एक अंडं बसतं: महिन्याची साठ अंडी, आमच्या बाजारात आठ रुपयांच्या भावाने ४८०. उरलेल्या पैशांत किलोभर शेंगदाणे, अर्धा किलो फुटाणे, किलोभर गूळ, अर्धा किलो कुळथाचं पीठ येतं आणि वर लिंबांपुरते पैसे राहतात. शनिवारच्या पुड्याही त्यातच. तुमच्याकडे भाव दोन-पाच रुपये इकडे-तिकडे असतील.

अंड्यावरून एक विचारते, राग मानू नका. मुलाला रोज, मुलीला रविवारी. तुम्ही हे एका ओळीत लिहून पुढे गेलात, म्हणजे घरात ते इतकं सवयीचं झालंय की तुम्हालाही दिसलं नसेल. रक्त कमी आहे ते मुलीचं. अकरावं सरतंय, वर्षा-दोन वर्षांत पाळी सुरू होईल, म्हणजे दर महिन्याला आणखी रक्त जाणार. उंची वाढायची हीच वर्षं. घरात एकच अंडं असेल त्या दिवशी ते तिच्या ताटात जायला हवं. माशाच्या तुकडीचंही तेच, वाढताना डोळे उघडे ठेवा. हे तुम्ही मुद्दाम करता असं मी म्हणत नाही. माझ्या माहेरी आम्हा बहिणींना बोंबलाचं डोकं नि शेपटी आणि भावांना मधला तुकडा, हे आईने कधी ठरवलं नव्हतं. ते तसंच होत आलं होतं.

दुसरी ओळ रेशनची. तुम्ही लिहिता २० किलो. तुमचं कार्ड अन्न सुरक्षेतलं प्राधान्य कुटुंबाचं असणार, त्यात माणशी ५ किलो मोफत मिळतं. घरात तुम्ही पाच. पाच पाचे पंचवीस. मग पाच किलो कुठे जातात? बहुतेक धाकट्याचं नाव कार्डावर चढलेलंच नसेल. जन्मानंतर नाव घालायचं राहून गेलं अशी घरं वस्तीत कितीतरी सापडतात. त्याचा जन्मदाखला आणि आधार घेऊन शिधावाटप कार्यालयात जा. एक दिवसाचा खाडा पडेल, पण पाच किलो दर महिन्याला. आणि पाचही जणांचं आधारचं केवायसी झालंय का तेही तिथेच विचारून घ्या.

धान्य फुकट मिळतं ही मोठी गोष्ट आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. मात्र फुकटाचं तेच ताटात जास्त जातं. भाताचा डोंगर आणि डाळीचं पाणी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या सुधारित सूचना काढल्या, त्यात दिवसभराच्या कॅलरींपैकी ४५ टक्क्यांहून जास्त धान्यातून येऊ नयेत असं म्हटलंय. आपल्या वस्त्यांतलं ताट बघितलं तर ते कुठल्या कुठे आहे. ग्रॅम मोजत बसू नका. तांदळावर वाचलेला पैसा डाळीत जातोय की पुडीत, तेवढं बघा. तूरडाळ महाग पडली तर मसूर, चवळी, मटकी, काळे वाटाणे. उसळ घट्ट ठेवा आणि पहिली वाटी पोरांना वाढा, पाणी घालून वाढवायची तर ती नंतर. मोडाचं म्हणाल तर उन्हाळ्यात फडक्यात बांधलेल्या मुगाला एका दिवसात मोड येतात; पावसाळ्यात बुळबुळीत होऊन वास मारतो, तेव्हा नुसता भिजवून शिजवला तरी काही बिघडत नाही.

भाजी रात्री घ्या. तुम्ही स्टेशनवर उतरता त्याच वेळी भाजीवाल्या उरलेल्याचे वाटे लावून बसलेल्या असतात. सकाळी वीसला असलेली माठाची जुडी तेव्हा दहाला सुटते. पाणी नसेल तर पालेभाजी निवडून कागदात गुंडाळून ठेवायची आणि पहाटे नळ आला की धुवायची. शेवग्याचं झाड डोंगरावर तुमच्या आसपास नक्की असेल, सासूबाईंना ठाऊक असेल कुणाच्या दारात आहे ते. कोकणात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी करतात, तीच वर्षभर करा. आणि पाऊस लागण्याआधी सुका जवळा भरून ठेवा. तव्यावर भाजून, कांदा-मिरची-आमसूल घालून केलेली मूठभर चटणी भाताबरोबर पोरं पुसून खातात. लहान मासळी काट्याकवचासकट पोटात जाते, म्हणून तिच्यातलं कॅल्शियमही मिळतं. खारवलेला असेल तर आधी धुवून घ्या.

मुलीच्या गोळ्या. हे मात्र कुळथावर सोडू नका. ९.२ हा आकडा नुसत्या खाण्याने लवकर वर येत नाही, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण झाल्याच पाहिजेत. शौचाला काळी होते, पोटात मळमळतं म्हणून निम्म्या बायका गोळ्या मध्येच सोडतात. काळी होणं साहजिक आहे. मळमळ जास्त असेल तर बंद न करता डॉक्टरांना सांगा. आणि ती गोळी घेते कशाबरोबर? सकाळी चहा-खारीबरोबर घेत असेल, तर अर्धी मेहनत पाण्यात. चहा लोह अंगी लागू देत नाही, दुधानेही अडथळा येतो. गोळी लिंबूपाण्याबरोबर द्या, चहा तासाभराने. जेवणावर लिंबू पिळायची सवय लावा, उसळीतलं लोह अंगी लागतं. चहा पूर्ण सोडवता आला तर उत्तम. अकरा वर्षांच्या मुलीला चहा हवाच कशाला? जंताची गोळी शाळेत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास देतात. ती तिने घेतली होती का, की त्या दिवशी घरी राहिली होती, ते विचारा. पोटात जंत असतील तर वरून कितीही घाला.

आणखी एक तिलाच विचारा, एकटीला धरून: शाळेत दुपारचं जेवण ती जेवते का? आठवीपर्यंत ते सगळ्यांना मिळतं. पण पाचवी-सहावीपासून मुली लाजून खात नाहीत, मैत्रिणी चिडवतात, ‘फुकटची खिचडी’. डबाही नेत नाहीत. मग सकाळच्या चहाखारीवर संध्याकाळचे सहा वाजतात. तसं असेल तर तिच्या पेंगण्याचं एक कारण तिथेच सापडेल. रागावू नका, एखाद्या मैत्रिणीलाही सोबत बसवता येतं का बघा. धाकट्याला अंगणवाडीत गरम जेवण मिळतं. ते तो तिथेच खातो की घरी आणून टाकतो, हे अंगणवाडीच्या ताईंना विचारायला लाजू नका. तो तुमचा हक्क आहे, त्या उपकार करत नाहीत.

चार पानांत एक गोष्ट मला कुठेच सापडली नाही. तुम्ही काय खाता? मी अंदाज बांधते. सकाळी उभ्याने चहा, दुसऱ्या घरी कालची पोळी, चौथ्या घरी पुन्हा चहा, रात्री उरलेलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. तुमची लेक दमते तशा तुम्हीही दमत असाल, फक्त तुम्हाला पेंगायला वेळ नाही. मुलीला पुढच्या तपासणीला न्याल तेव्हा स्वतःचंही रक्त तपासून घ्या. आणि फुटाण्यांची एक पुडी स्वतःच्या पिशवीत टाका.

एकटीने हे सगळं ओढू नका. तुमच्या गल्लीत आणखी चार-पाच जणी याच वेळेला घरी परततात ना? भिशी चालतच असेल. त्यातच डाळी-शेंगदाण्याची भिशी करा: पाचजणींनी मिळून पाच-पाच किलो होलसेलच्या दुकानातून आणायचं आणि वाटून घ्यायचं, किलोमागे चार पैसे सुटतात. सहाचं खाणं आळीपाळीने एका घरी केलंत तर दहा पोरं एकत्र बसतील. एकट्याने न खाणारं पोर पंगतीत खातं, हे तुम्ही अंगणवाडीत बघितलं असेल. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी १९७५ मध्ये कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांच्यासोबत अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्याही अशाच दहा बाय बाराच्या खोल्यांतून गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या होत्या. तुम्ही मंडळ वगैरे काढा असं मी म्हणत नाही, अंगावर आधीच खूप आहे. पण कोपऱ्यावरच्या दुकानदाराला पाचजणींनी मिळून सांगितलं, की लडींच्या शेजारी पाच रुपयांची शेंगदाण्याची चिक्की आणि फुटाणे टांग, तर तो टांगेल. त्याला काय, जे खपतं ते तो ठेवतो.

सगळं एकदम नको. या आठवड्यात डबा आणि लिंबूपाणी. पुढच्या आठवड्यात अंडं. रेशनचं काम पगाराची सुट्टी मिळेल तेव्हा.

आणि एक काम माझं करा. सासूबाईंना विचारून पिठीचं प्रमाण कळवा: वाटीभर पिठाला पाणी किती, आमसुलं उकळीच्या आधी की नंतर. माझ्या पिठीत दर वेळी गुठळ्या होतात.